छत्रीसोबत न घेतलेला डबा

जुनं सामान घेताना मी ते आधी मागून बघते. कपाटाची पाठ, फ्रिजची जाळी, गादीची खालची शिवण. पुढची बाजू विकणाऱ्यानं पुसून ठेवलेलीच असते. मागं फडकं फिरवायचं कुणाला सुचत नाही. आमचे मालक म्हणतात, "तू देवळात गेलीस तरी देवाला मागनं बघून येशील." म्हणोत बापडे. ज्या घराच्या ओट्यावर बसून ते हे म्हणतात, ते घर मी अशीच पाठ बघत बघत बांधलंय.

दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी आधी दूध घालायचे. तिथं दर दोन-चार वर्षांनी कुणाची ना कुणाची बदली होते. बदली झालेलं माणूस घाईत असतं, आणि घाईतलं माणूस भाव धरून ठेवू शकत नाही, एवढं मला चौथी शिकलेलीला कळत होतं. पहिल्यांदा एक लोखंडी कॉट घेतली, एसटीच्या टपावर टाकून मांडवगणला आणली आणि स्टँडवर उतरवायच्या आतच विकली. आज दौंडला माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. घर मात्र नदीच्या अलीकडं, मांडवगणच्या शिवारात, वस्तीवर. कूलर, पलंग, शिलाई मशीन, देव्हारा, काय म्हणाल ते मी घेतलंय आणि विकलंय. मला गंडवील असा माणूस अजून भेटायचाय, असं मी म्हणायचे. परवापरवापर्यंत म्हणायचे.

नेटचं प्रकरण सुरू झालं ते सुनेमुळं. सून पुण्यातल्या एका ऑफिसचं काम कॉम्प्युटरवर करते. बाळंतपणानंतर ऑफिसनं तिला घरून काम करायला दिलं. नात सहा महिन्यांची झाली आणि ऑफिसनं कळवलं की पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून रोज दोन तास व्हिडिओवर बसावं लागेल. घरी नेट नीट असेल तर घरून बसा, नसेल तर ऑफिसात या. ऑफिसात या म्हणजे पुण्यात राहा. माझा मुलगा रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जातो. तो जेवताना सरळ म्हणाला, "आई, न्हाई जमलं तर आम्ही हडपसरला खोली बघतो. तिथनं पण कंपनीची बस हाय."

नातीला मी मांडीवर घेतलं होतं. तिच्या मुठीत माझ्या मंगळसूत्राची वाटी होती. मनात पाल चुकचुकली. हडपसरला सुनेचं माहेर. नेटचं निमित्त करून ही माहेराजवळ जायला बघतेय, असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

खरं तर तारेचं नेट आमच्या दारात यायला हवं होतं. आदल्या वर्षी केबलवाला आला होता. म्हणाला, मोठ्या रस्त्यापासून वस्तीपर्यंत सहा खांब लागतील, निम्मा खर्च तुमचा. मी त्याला विचारलं, "खांब तुझं, तार तुझी, आन् निम्मा खर्च माझा कशापायी? कावळं काय माझं बसणारेत व्हय त्यावर?" त्यानं बॅग उचलली. मला वाटलं, फाटकापर्यंत जाईल आणि वळेल. विकणारे वळतात. हा वळला नाही. महिन्याभरात तेच सहा खांब डेअरीच्या चेअरमनच्या वस्तीकडं उभे राहिले. दुकानाला जाताना रोज ते खांब दिसतात. मी मान फिरवते. चेअरमननं त्याला माझ्याआधीच गाठलं होतं, माझ्याकडं तो नुसता भाव काढायला आला होता, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं, आणि ते कुणी माझ्या डोक्यातून काढायला येऊ नये.

तर सोमवारला तीन आठवडे उरले होते. अशात दौंडच्या क्वार्टरमधून एका बाईचा निरोप आला. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती, सामान काढायचं होतं. मी गेले. बाई नागपूरकडची, शांत, हळू बोलणारी. हळू बोलणाऱ्यांना मी जरा जपूनच असते. कपाट बघितलं, चार लाल प्लॅस्टिकची स्टुलं बघितली. तेवढ्यात आतल्या खोलीत तिची सासू फोनवर कीर्तन बघताना दिसली. चित्र कुठं अडकत नव्हतं, की गोल गोल फिरत नव्हतं. आमच्या वस्तीवर बुवांचं एक वाक्य पुरं व्हायला चहा उकळून होतो.

मी विचारलं, "हितं तार आलीय का नेटची?"

"नाही, मावशी. ते वरून येतं."

मी गच्चीवर गेले. एका लोखंडी पाइपावर टीव्हीची छत्री होती आणि त्याच पाइपाला, छत्रीच्या खाली, विटेएवढा एक पांढरा डबा आवळलेला होता. पाइपाला धरून दोन वायरी खाली गेल्या होत्या. एक टीव्हीला, दुसरी खिडकीतल्या राउटरला. राउटर म्हणजे तो दिवे लुकलुकणारा चपटा डबा, नेट घरभर सोडणारा. मी वायरीवर बोट फिरवत वरून खालपर्यंत आले. मला सगळं उमगलं, असं मला वाटलं. टीव्हीच्या छत्रीवरूनच नेट! आणि हे केबलवाले सहा खांबांच्या गोष्टी सांगतात.

"हे सगळंच देता का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छत्री घ्या, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स घ्या, राउटर पण घ्या, तो आम्हीच विकत आणलेला आहे. पण तो पांढरा डबा नाही देता येणार, मावशी. तो कंपनीचा आहे, परत करायचाय. आणि नेट त्याच्यातूनच येतं. छत्री फक्त टीव्हीची."

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी पुढं असं का वागले ते कळेल. फ्रिज विकणारा प्रत्येक माणूस म्हणतो, स्टॅबिलायझरशिवाय हा चालणार नाही. का? तर त्याला स्टॅबिलायझर वेगळा विकायचा असतो, नाहीतर आपल्या नव्या फ्रिजला ठेवायचा असतो. अशा वेळी मी म्हणते, ठेवा तुमचा स्टॅबिलायझर, फ्रिजचा भाव खाली आणा. आजवर मी एकही फ्रिज स्टॅबिलायझरसकट घेतला नाही आणि माझा एकही फ्रिज त्यावाचून बंद पडून परत आला नाही. विकणारा एखादी वस्तू छातीशी धरून बाकीची हलकी म्हणायला लागला की समजावं, त्या वस्तूला दुसरं गिऱ्हाईक लागलंय.

म्हणून मी म्हणाले, "ठेवा तुमचा पांढरा डबा. बाकीच्याचा भाव बोला."

"मावशी, अहो ऐका तर. त्याच्याशिवाय नेट येणार नाही."

"ते माझं मी बघते. चालवून दाखवा."

चालवून दाखवल्याशिवाय मी पंखासुद्धा घेत नाही. तिनं राउटर लावून दाखवला, माझ्या फोनवर नेट आलं, कीर्तन पळायला लागलं. पांढरा डबा वर पाइपालाच होता, तो काढून चालवून दाखवा असं म्हणायची बुद्धी मला झाली नाही. बाई डब्याचं पुन्हा एकदा सांगत होती. मी भावावरून तिला जे धरलं ते सोडलंच नाही. शेवटी ती थकून म्हणाली, "घ्या, मावशी. पण नंतर मला बोलू नका." हे वाक्य मला विशेष खटकलं. प्रामाणिक माणूस असं आधीच कशाला सांगेल?

छत्री, पाइप, क्लॅम्प, वायरी, राउटर, कपाट आणि चार लाल स्टुलं असं सगळं टेंपोत घालून मी घरी आणलं. सुनेनं ते बघितलं आणि म्हणाली, "आत्या, छत्रीतून नेट येत नसतं." सासूला आमच्याकडं आत्याच म्हणतात.

"तू कधी बघितलंयस का?"

"न्हाई, पण..."

"मी बघितलंय. माझ्या डोळ्यांनी."

ती आत निघून गेली. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, नेट आलं तर हडपसरचं निमित्त जाईल.

गावातल्या वायरमननं छत्री गच्चीवर, जिन्याच्या कठड्याला लावली. टीव्ही आला. राउटरचा एक दिवा मात्र लाल राहिला. मी म्हटलं, छत्रीचं तोंड चुकलंय. तिथं दौंडमध्ये ती रेल्वेच्या रुळांकडं होती. इथंही आम्ही तिला दौंडच्या अंगाला वळवली. टीव्हीही गेला. मग चेअरमनच्या वस्तीकडं वळवली, तिथं नेट आहे तर उडून थोडंफार येईल म्हणून. दोन दिवस मालक पाना घेऊन गच्चीवर आणि मी खाली राउटरसमोर. मी ओरडायची, "लाल!" ते वरून ओरडायचे, "आता?" "लालच!" तिसऱ्या दिवशी ते पाना ठेवून खाली उतरले आणि म्हणाले, "नेट न्हाई ते न्हाई, आता माझ्या बातम्या पण गेल्या. तू एकदा चेअरमनलाच मागनं बघून ये."

मी चिडले. पण त्यांच्यावर नाही. त्या नागपूरच्या बाईवर. माझ्यासमोर चालवून दाखवलं आणि नंतर काहीतरी काढून घेतलं, एखादी चिप, एखादी पिन. राउटर मी तीनदा मागून बघितला. स्क्रू जागच्या जागी होते. यामुळं संशय आणखीच वाढला, कारण हुशार माणूस स्क्रू परत लावूनच देतो.

याच दिवसांत आणखी दोन गोष्टी घडत होत्या आणि मी दोन्ही टिपून ठेवत होते. एक म्हणजे चार लाल स्टुलांतलं एक गायब झालं. ऊस तोडायला आलेल्यांपैकी कुणी उचललं असणार म्हणून मी मुकादमाला चार शब्द सुनावलेही. आणि दुसरी म्हणजे सून रोज अकराच्या सुमाराला वाळवणं बघायच्या निमित्तानं गच्चीवर जायची आणि तासभर खाली यायची नाही. बाळंतपणानंतर मीच तिला बजावलं होतं की उन्हात वर जाऊन बसायचं नाही, अंगावरचं दूध आटेल. तरी जायची. एकदा मी अर्धा जिना चढून थांबले. ती इंग्रजीत काहीतरी बोलत होती, मध्येच हसली. माझी चाहूल लागताच आवाज बंद. वर गेले तर ती कुरडया पालथ्या करत होती, आणि पदराखाली काहीतरी चपटं होतं.

"कुणाचा फोन?" मी विचारलं.

"ऑफिसचा."

"मग लपवतीस कशाला?"

ती पुन्हा कुरडयांकडं वळली. खोलीवाल्याशी बोलत असणार, नाहीतर आईशी. मी खाली आले आणि दिवसभर भांडी जरा जोरातच ठेवली.

सोमवारला पाच दिवस उरले तेव्हा माझा संयम सुटला. ओट्यावर बसून मी त्या बाईला फोन लावला. माझ्या फोनचा स्पीकर सुरूच असतो, कानाला लावला तर ऐकू येत नाही. मालक तिथंच होते, सून नातीला भरवत होती.

"ओळखलंत का? दौंडची जुन्या सामानवाली बोलतीय. काय काढून घेतलंत त्या डब्यातनं?"

"कोण, मावशी? कशी आहे तब्येत?"

"तब्येतीचं राहू द्या. नेट येत न्हाई. मला गंडवलंत तुम्ही."

पलीकडून मग तीच हळू आवाजातली बाई म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला तीनदा सांगितलं. नेट त्या पांढऱ्या डब्यातून येत होतं. तो समोरच्या टॉवरकडून नेट ओढतो. छत्रीचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. एकाच पाइपावर होते, एवढंच. तुम्ही म्हणालात, ठेवा तुमचा डबा."

ती खरंच तीनदा म्हणाली होती. मला तिचे शब्दच्या शब्द आठवले आणि प्रत्येक शब्दाला मी मनात काय उत्तर दिलं होतं, तेही आठवलं. मालक नखं बघत होते. नात बोटं चाटत होती.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. "शिरूरला त्या कंपनीचा माणूस आहे. नंबर पाठवते. पण आधी त्याला सिग्नल बघायला सांगा. सगळीकडं मिळतो असं नाही."

शिव्या घालायला फोन केलेल्या माणसाला ही बाई मदत करत होती. फोन ठेवल्यावर मी पहिली गोष्ट म्हणाले ती अशी, "त्या माणसाकडून हिला काय मिळत असंल?" त्यावर मालक पहिल्यांदाच मला मोठ्यानं बोलले. "आता गप बस की जरा!"

शिरूरचा माणूस शनिवारी आला. पाठीवर पिशवी, हातात दोन फोन. गच्चीवर जाऊन जिन्याच्या कठड्याजवळ फिरला आणि मान हलवली. "मावशी, इथं अवघड आहे. टॉवर नदीपलीकडं आहे. सिग्नल पोचतोय, पण टिकत नाही."

माझ्या डोळ्यांपुढं हडपसरची खोली आली. पाळणा, कोपऱ्यात गॅस, खिडकीतून रस्ता. मी म्हणाले, "म्हणजे न्हाईच व्हायचं?"

तेवढ्यात सून नातीला कडेवर घेऊन वर आली. माझ्याकडं न बघता त्याला म्हणाली, "दादा, इथं नको. टाकीच्या मागं बघा."

आमची पाण्याची टाकी गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिच्यामागं मी कधी जात नाही, तिथं बघण्यासारखं काही नाही असं मी धरून चालले होते. मी त्यांच्यामागून गेले. टाकीच्या सावलीच्या कडेला माझं लाल स्टूल होतं. त्यावर जुनी उशी. भिंतीला एक मोडकी उन्हाची छत्री टेकवलेली. आणि समोरच्या कठड्यावर विटेच्या तुकड्यानं काढलेली एक फुली, पुसली गेली की पुन्हा काढून काढून जाड झालेली.

"इथं फोन ठेवला की बरं चालतं," सून म्हणाली. "हातभर इकडं नको, हातभर तिकडं नको. पण तासाभरानं फोन तापून बंद पडतो. दोन महिने मी हितूनच काम केलंय. व्हिडिओला मात्र जमणार न्हाई."

त्या माणसानं फुलीवर फोन धरला. मग तिच्या एका अंगाला, मग दुसऱ्या. पुन्हा फुलीवर आणला. "वहिनी, माझ्या नोकरीवर येताय का?" तो हसला. "जागा बरोबर हीच."

दोन महिने. माझ्या डोक्यात हडपसर शिरलं त्याच्याही आधीपासून. म्हणजे मी अर्ध्या जिन्यात उभी राहून ऐकत होते तेव्हा ही इथं, मोडक्या छत्रीखाली, माझ्या घरात राहता यावं म्हणून बसली होती. आणि मीच उन्हात बसायचं नाही म्हटलं होतं म्हणून लपून बसली होती. मला हे तेव्हाच्या तेव्हा सुचलं असं सांगितलं तर खोटं होईल. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "स्टूल हितं हाय व्हय! मी मुकादमाला नाय नाय ते बोलले."

"मला माहितीय," सून म्हणाली. "मी त्याला सॉरी म्हणून आले."

माणसानं पिशवीतून छापील कागद काढून माझ्या हातात दिला. दर लिहिलेले. असा कागद हातात आला की माझं बोट आपोआप सगळ्यात मोठ्या आकड्यावर जातं आणि तोंड म्हणतं, यातलं काय काय काढता येईल? बोट गेलं. तोंडही उघडलं. मी वर बघितलं. सून माझ्याकडंच बघत होती, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती फक्त वाट बघत होती.

मी कागद घडी करून दिला. "सगळं लावा," मी म्हणाले. "कशातलं काही काढू नका. पांढरा डबा आधी लावा."

मालक जिन्यात होते. ते तिथंच बसले.

डबा लावायला पाइप हवा होता. माणूस म्हणाला, नवा पाइप आणि क्लॅम्प आणावा लागेल, शिरूरला जाऊन येतो, त्याचे वेगळे. मी म्हणाले, थांबा. कठड्याला दौंडवरून आणलेली छत्री होती. तिचा पाइप होता, क्लॅम्प होता, आणि त्या क्लॅम्पला आधी कोणता डबा आवळलेला होता ते मला माहीत होतं. मालकांनी पाना घेतला. पाइप उपटून टाकीमागं फुलीपाशी रोवला. वर छत्री, खाली डबा, अगदी त्या बाईच्या गच्चीवर होतं तसं. या वेळी छत्रीचं तोंड कुठं करायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. टीव्ही पण आला. राउटरचा लाल दिवा हिरवा झाला. मी तो पुढून बघितला, नंतर सवयीनं मागूनही बघितला.

क्लॅम्पचे पैसे मात्र मी त्या माणसाला दिले नाहीत. तो माझा होता, आधीच घेतलेला.

सोमवारी सून आतल्या खोलीत दार लोटून बसली. नात माझ्या मांडीवर होती. आतून इंग्रजी ऐकू येत होतं, मध्येच हसणं, मध्येच "मांडवगण" असा शब्द. मी दाराशी गेले. नुसतं नीट चाललंय ना, एवढंच बघायला. काही वेळानं आतून आवाज आला, "आत्या, आत या की. दारामागनं ऐकू नका."

मी आत गेले. स्क्रीनवर सात-आठ चेहरे होते, सगळ्यांनी नातीला हात केला. मी पदर सारखा केला आणि चेहरे एकेक करून नीट बघून घेतले. मागून बघायची काही सोय नव्हती.